दूध तुटलेल्या बोकडासाठी सुरत

सुरतेला माणसं साड्या आणायला जातात, हिरे घासायला जातात, नाहीतर माग चालवायला जातात आणि मग तिकडचीच होऊन राहतात. मी मांडी द्यायला गेलो होतो.

आमच्या खानदेशात पोराचं जाऊळ मामाच्या मांडीवर काढतात आणि अन्नाचा पहिला घासही मामानेच भरवायचा असतो. माझी धाकटी बहीण सुनंदा लग्न करून सुरतेला गेली, नऊ वर्षं तिच्या घरी पाळणा हलला नाही, आणि मग सोनू झाला. तो दहा महिन्यांचा झाला तेव्हा पत्र आलं की रविवारी जाऊळ आहे, देवीला बोकड आहे, शुक्रवारपर्यंत या. प्लेगची साथ होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे निघताना शेजाऱ्यांनी मला युद्धावर पाठवल्यासारखं वाटेला लावलं. एकाने तर तोंडाला बांधायला नवा रुमाल दिला.

माझ्या धंद्याबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. धुळ्याजवळच्या एका सरकारी शेळी प्रक्षेत्रावर मी नोकरीला आहे. करडांची वजनं करायची, ठरल्या दिवशी त्यांचं दूध तोडायचं, म्हणजे त्यांना आईपासून वेगळं करून पाल्यावर लावायचं, आणि ते सगळं तक्त्यात लिहायचं हे माझं काम. कोणत्या वयात दूध तोडलं की मांस कसं होतं, हे आमच्या साहेबांना बघायचं असतं. म्हणून शिजवलेलं मटण चाखून शेरा लिहिणाऱ्यांतही माझं नाव असतं. ‘यांना सरकार मटण खायचा पगार देतं,’ असं आमची बायको चारचौघांत सांगते, आणि त्यात खोटं काही नाही.

शुक्रवार, गोडादरा

सुरतेच्या उधना स्टेशनवर उतरलो आणि पहिली निराशा झाली. रुमाल बांधावा अशी घाणच कुठे दिसेना. झाडूवाल्या बाया रस्ता असा झाडत होत्या की आमच्या धुळ्याच्या गटारींची मला मनातल्या मनात लाज वाटली. रुमाल मुकाट्याने खिशात घातला.

सुनंदाच्या गोडादऱ्यात शिरलं की सुरत संपते आणि खानदेश सुरू होतो. दारापुढे उन्हात वाळत घातलेले पापड, ओट्यावर अहिराणीत चाललेली भांडणं, आणि त्या सगळ्याच्या मागे मागांची खटाखट. ती भिंतीतून येते, जमिनीतून येते, चहाच्या कपातूनही येते. पहिला तासभर मी ओरडून बोलत होतो. माझे मेहुणे हिंमतराव हसून म्हणाले, “भाऊ, वरडू नका. आठे खालना आवाजमा बोलतस, मंग ऐकू येस.” खरंच तसं होतं. तिथली माणसं मागांच्या आवाजाच्या खालून बोलतात.

हिंमतराव पंधरा वर्षं मागावर आहेत आणि बिघडलेला माग नुसता आवाजावरून ओळखतात. आपल्याला गुजराती उत्तम येतं, असाही त्यांचा समज आहे. त्यांचं गुजराती म्हणजे हिंदी वाक्याच्या शेवटी ‘छे’ लावलं की झालं. त्यांची आई तापीमाय मात्र सुरतेत राहूनही अहिराणीशिवाय एक शब्द बोलत नाही. नातू व्हावा म्हणून देवीला बोकड बोलली होती ती हीच, आणि नवस फिटेपर्यंत मटण तोंडात घालणार नाही म्हणून नऊ वर्षं तिने ते सोडलेलं होतं. खानदेशी बाईने काळ्या मसाल्याच्या रश्शाकडे पाठ फिरवून नऊ वर्षं बसायचं, हे काही खायचं काम नाही.

“ऊना का रे भाऊ! वाट दखी दखी डोया दुखनात मना,” म्हणत तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि चहा व्हायच्या आत हिंमतराव मला बोकड दाखवायला ओढून घेऊन गेले.

दाराशी साडीच्या रंगीत काठाने बांधलेलं एक गुबगुबीत काळं करडू उभं होतं. ते मला बघून ओरडलं. सवयीने मी त्याच्या तोंडात बोट घातलं, तर ते बोट चुरूचुरू ओढायला लागलं. शेपटीखाली पिवळी चिकट लेंडी. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आतून फिकी. मी तज्ज्ञाच्या सुरात, आणि मागांच्या वरच्या आवाजात, म्हणालो, “पाहुणे, हे अजून अंगावर पितंय!”

आतून तापीमाय बाहेर आली.

आमच्याकडे देवीला दूध पिणारं करडू चालत नाही. दूध तुटलेला, चरून खाणारा बोकडच लागतो. कारण विचारलं तर शास्त्र कुणी सांगत नाही, पण तापीमायने त्या दिवशी सांगितलं ते मला कुठल्याही शास्त्राहून पटलं. “एक मायनं लेकरू दूधवरतून ओढीसन दुसरी मायना लेकरूनं भलं कसं व्हई?” ती म्हणाली.

“अशी कशी गंमत?” हिंमतराव कासावीस झाले. “मी गुजरातीमा बोलीसन लई ऊनू. त्या भरवाडनी सोता सांगं, धावतं शे म्हने! मी म्हंतं, धावस ना? मंग बेस!”

करडू तर धावायच्या मनःस्थितीत दिसत नव्हतं. तापीमायने निकाल दिला: ह्याला पाळायचं, ह्याचं दूध तुटेल तेव्हा नवस. होळीनंतर बघू.

एरवी यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. पण नवस फिटल्याशिवाय सोनूच्या तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, असंही ती बोलून बसली होती. दहा महिन्यांचं पोर नुसतं आईच्या दुधावर होतं. मी त्याला मांडीवर घेतलं. गोरंगोमटं, गुटगुटीत, पण अंगात चळवळ नाही. हात आपसूक गेला आणि मी त्याची खालची पापणी हळूच ओढून बघितली. करडाची होती तशीच, आतून फिकी.

सुनंदा बघत होती. “दवाखानावाली बाईनी बी हाईच सांगं, भाऊ. रगत कमी शे. वरनं खावाडा म्हने. मना बी कमी शे,” ती म्हणाली. तेवढ्यात बाहेर करडू ओरडलं आणि तिने घाईघाईने पदर सावरला. मग मान खाली घालून म्हणाली, “दुपारपशी असंच शे. ते वरडस तवय माले पान्हा फुटस.”

रक्ताचं म्हणाल तर, प्रक्षेत्रावर हे रोज बघतो. दुधात बाकी सगळं असतं, पण रक्त वाढवणारं लोह फारसं नसतं. जन्मताना अंगात आणलेली शिदोरी काही दिवस पुरते, मग वरचं खाणं मिळालंच पाहिजे. पण नवसाला आडवा गेलो असतो तर माझ्या मांडीचाच मान गेला असता. उद्याच्या दिवसात दूध तुटलेला बोकड आणायचा, एवढा एकच रस्ता उरला होता. माझं तोंड मी आवरलं असतं तर हा प्रश्न उभाच राहिला नसता, हे त्या रात्री जेवताना हिंमतरावांनी मला तीन वेळा सांगितलं.

शनिवार, बमरोली

करडाला मांडीवर घेऊन रिक्षाने बमरोलीला गेलो. वाटेत त्याने माझ्या शर्टाची दोन बटणं चोखून ओली केली. गिरण्यांच्या मागे, खाडीच्या कडेला करडू विकणाऱ्या त्या भरवाडाचा, म्हणजे गुजराती धनगराचा, वाडा होता. पांढरी फेट्याची गुंडाळी, कानात बाळ्या आणि सत्तरीची मिशी असलेला हा मेघाभाई खाटेवर बसून चहा बशीतून पीत होता. भिंतीपलीकडे मागांची खटाखट चालूच होती आणि शेळ्या त्या भिंतीला टेकून खुशाल झोपल्या होत्या.

आणि त्या शेळ्यांचा थाट काय सांगू! आमच्याकडे करडाचं दूध तोडायचं म्हणजे शेळीच्या सडांना कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, नाहीतर करडाच्या तोंडाला काटेरी मुसकं बांधतात. इथे आयांच्या कासेला कापडी पिशव्या बांधल्या होत्या, आणि पिशव्या होत्या छापील साड्यांच्या तुकड्यांच्या. एकीला गुलाबाची फुलं, एकीला मोर, एकीला जरीची बुट्टी. आमच्याकडच्या नवरीला मिळत नाही असं कापड सुरतेच्या शेळ्या कासेला बांधून फिरतात.

हिंमतराव मात्र तावातावाने पुढे झाले. “तमे बोला था ना, धावतुं छे?”

“हा. धावतुं ज छे,” मेघाभाई शांतपणे म्हणाला. “हजी धावे छे.”

“क्यां धावे छे? ये तो ऊभा है!”

मेघाभाईने बशी खाली ठेवली. “अरे भाई, ऊभुं रहीने ज धावे ने! दोडतां दोडतां कोई धावे?”

हिंमतरावांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. उभं राहूनच धावतं? म्हातारा आमची फिरकी घेतोय असं वाटलं. शेवटी त्यानेच वैतागून आपलं बोट करडाच्या तोंडापुढे धरलं आणि ते चोखायला लागल्यावर, लहान मुलांना शिकवतात तसं, म्हणाला, “आ धावे छे. समज्या?”

तेव्हा कुठे उजेड पडला. गुजरातीत धावणं म्हणजे अंगावर पिणं. पळणं म्हणजे दोडवुं. त्या बिचाऱ्याने पहिल्याच दिवशी खरं तेच सांगितलं होतं की हे पितं पोर आहे, आणि आमचे पाहुणे ‘धावतंय ना, मग बेस’ म्हणून खांद्यावर टाकून घेऊन आले होते. पंधरा वर्षांचं गुजराती एका शब्दात झोपलं. मी इतका हसलो की मला खाटेवर बसावं लागलं. हिंमतराव आधी लाल झाले, मग तेही हसले.

करडू खाली सोडलं. कोपऱ्यातली एक बिनपिशवीची तांबडी शेळी, कास दगडासारखी टणक झालेली, धडपडत उठली. तिने त्याचं ढुंगण एकदा हुंगलं आणि पाय फाकवून उभी राहिली. करडू सरळ आईच्या कासेला लागलं.

मग बदली बोकड निवडायचा कार्यक्रम सुरू झाला आणि माझ्या विद्येला वाव मिळाला. मेघाभाईला नवल वाटलं. सुरती शौकीन धावतंच मागतात म्हणे, कूणुं, म्हणजे कोवळं. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की कोवळं असतं हे खरं. दुधावरच्या पिल्लाचं मांस फिकं गुलाबी, मऊ, पातेल्यात पाणी सोडणारं. चरबी पांढरीशुभ्र, तिला दुधाचा वास. पण त्यात लोह कमी, कारण त्याने खाल्लेल्यातच ते नव्हतं. फार लवकर, महिन्या-दीड महिन्यात दूध तोडलं तर दुसरं टोक: पोट सुटतं, मांड्या वाळतात, हाडाला नुसतं चिकटल्यासारखं मांस राहतं. आधी पाल्याची गोडी लावून तीनेक महिन्यांचं झाल्यावर तोडावं आणि मग चारू द्यावं. त्याचं मांस लाल, चिवटपणाकडे थोडं झुकणारं, पण रश्शात उतरतं आणि अंगाला लागतं. मेघाभाईने सगळं ऐकलं आणि विचारलं, “तमे कसाई छो?”

नाही म्हटल्यावर त्याने मला गुलाबाच्या पिशवीवालीचा मोठा मुलगा दाखवला. दूध सुटून बरेच दिवस झालेला, बाभळीच्या शेंगांवर वाढलेला, दाट लाल पापणीचा, सुक्या काळ्या लेंड्यांचा. अदलाबदल झाली.

येताना हिंमतरावांनी आपली अब्रू सावरायला मला नदीच्या पुलाजवळ पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतेच्या लोकांनी त्याला लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेच्या गोळ्या जोडून राजा करून ठेवलाय. दाणा दुधात असतानाच खायचा. मी म्हटलं, ह्या गावाला बोकड काय नि ज्वारी काय, सगळं दुधातच लागतं. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा सांगायला हिंमतरावांकडे वळलो, तेवढ्यात रिक्षातून बोकडाने मान लांब करून माझ्या कागदातला अर्धा पोंक शेवेसकट फस्त केला. दूध तुटल्याचा याहून चांगला पुरावा मला तरी नको होता.

रविवार

तापीमायला हवा होता.

“शेव खादी म्हनीसन काय? रवंथ करीसन दखाडू दे,” तिने सांगितलं. जो रवंथ करतो त्याचं दूध तुटलं, हा तिचा दाखला. आता पितं करडूही थोडंफार रवंथ करतं हे मला ठाऊक होतं, पण शुक्रवारी शहाणपणा करून झालेला होता.

सकाळी मंडळी जमली. न्हावी वस्तरा परजून बसला, बायांनी मसाला भाजायला घेतला, वस्तीतल्या देवीच्या ठाण्यावर नारळ ठेवला गेला, आणि चाळीसेक माणसं एका बोकडापुढे बसून तो चघळतो कधी याची वाट बघू लागली. बोकड उभा. कान ताठ, डोळे वटारलेले, जबडा बंद. पाला दिला, खाल्ला. पाणी दिलं, प्याला. पण बसेना आणि रवंथ करेना. तास गेला. सोनू भुकेने किरकिरायला लागला आणि सुनंदा त्याला घेऊन आत-बाहेर करू लागली. तापीमाय बोकडासमोर पाटावर हलली नाही. “दुपार टयनी का मुहूर्त गया,” एवढंच म्हणाली.

भ्यायलेलं जनावर रवंथ करत नाही, हे मला कळत होतं. पण हा भितोय कशाला? मी माणसं मागे सरकवली, कुत्रं हाकललं, स्वतः त्याच्या मानेखाली खाजवत बसलो. काही उपयोग नाही. माझी सगळी विद्या तिथे संपली. होळीपर्यंत सोनूचं काय, हा विचार मला आता दुसरं काही सुचू देत नव्हता.

हिंमतराव भिंतीला टेकून बोकडाकडे बघत होते. एकदम म्हणाले, “भाऊ, काही ऐकू येस का?”

काहीच ऐकू येत नव्हतं. रविवार होता, मागांना सुट्टी होती, सगळं गोडादरा चिडीचूप.

“त्याले बी येत नही,” ते म्हणाले. “बमरोलीना शे तो. भिंतआड जनमना.”

आणि ते पळाले. शेजारच्या शेडची चावी त्यांच्याकडेच असते. शटर वर गेल्याचा आवाज आला, मग एक खडखड, मग रिकामा माग सुरू झाला: खटाखट, खटाखट, खटाखट.

बोकडाचे कान खाली आले. त्याने एक लांब श्वास सोडला, पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि भिंतीला अंग लावून बसला. आम्ही चाळीस माणसं श्वास धरून त्याच्या गळ्याकडे बघत होतो. गोळा मानेतून वर चढला, जबडा डावीकडे सरकला, मग उजवीकडे. तापीमायने हात जोडले. देवीला जोडले, बोकडाला जोडले, की शेडकडे तोंड करून लेकाला जोडले, ते मला कळलं नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि न्हाव्याने मला मांडी घालून बसायला सांगितलं.

जाऊळ झालं. सोनूने माझ्या नव्या धोतरावर आपला आहेर केला. पुढचं देवीचं काम झालं, आणि दुपारी काळ्या मसाल्याचा वास गल्लीभर सुटला. शेजारच्या काठेवाडी बाईने खिडकी लावून घेतली, पण लावण्याआधी मुलासाठी म्हणून एक झबलं आमच्याकडे सरकवलं.

उष्टावणाला एरवी खीर असते. मी तापीमायला म्हटलं, दूध दहा महिने झालं, आज दुसरं काहीतरी देऊ. तिने क्षणभर विचार केला आणि स्वतःच उठून, तिखट-मीठ घालायच्या आधी काढून ठेवलेलं अळणी पाणी वाटीत आणलं. त्यात काळजाचा शिजलेला तुकडा बोटांनी अगदी लोण्यासारखा चुरला, मऊ भात घातला, आणि वाटी माझ्या हातात दिली.

पहिला घास सोनूने तोंडात धरून ठेवला. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, असं तोंड केलं की सगळे हसले. मग गिळला. आणि माझा हात दोन्ही मुठींनी धरून दुसरा घास स्वतःच ओढून घेतला. पाच घास खाल्ले. सहाव्याला तोंड फिरवलं, माझ्या पोटावर डोकं टेकलं आणि तिथेच झोपून गेला.

सुनंदा समोर उभी होती. पदर ओला झाला होता. ती त्याला घ्यायला पुढे झाली, थांबली, आणि हळूच म्हणाली, “भाऊ, आज पयलींदाव मनाकडे ना येता निजना.” हसत होती आणि रडतही होती.

इतकी वर्षं मी करडांचं दूध तोडत आलो. करडू किती दिवस ओरडलं, त्याचं वजन किती उतरलं, कधी परत भरून आलं, सगळं तक्त्यात लिहिलं. त्या दिवसांत शेळीचं काय होतं, हे मी एकदाही लिहिलं नाही. त्याला आमच्या तक्त्यात रकानाच नाही.

तापीमायने ताट वाढलं. माणसं जेवायची होती, मान माझा होता, आणि नऊ वर्षं मटण सोडलेली ती स्वतः अजून उपाशी होती. पण काळजाचे उरलेले तुकडे तिने सुनंदाच्या ताटात घातले, वर रस्सा ओतला, आणि सुनेचा हात धरून तिला सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं.

“दहा महिना तू त्याले पाजं,” ती म्हणाली. “आते तू खा. मी दखस.”

सुनंदाने तीन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या. तापीमाय शेवटचा घास होईपर्यंत तिच्यासमोर बसून होती, आणि मगच तिने स्वतःचं ताट मागितलं.